‘फश ॲन चप्स’ ऐकू आलं, तर माणूस ऑस्ट्रेलियन नाही

न्यूझीलंडमध्ये नवीन आलेल्या आपल्या माणसाला इथले सगळे ऑस्ट्रेलियनच वाटतात. इथल्या लोकांना ते मुळीच आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. फरक ओळखायला ‘फिश ॲण्ड चिप्स’ एवढे शब्द पुरतात. ऑस्ट्रेलियन माणूस ‘फीश ॲन चीप्स’च्या जवळ जातो, न्यूझीलंडचा ‘फश ॲन चप्स’च्या. हा ‘अ’ जवळजवळ आपल्या ‘घर’मधलाच, म्हणून मराठी कानाने तो पहिल्या दिवशी पकडायला हवा.

एकटी ‘इ’च हललेली नाही. इथल्या ऱ्हस्व स्वरांनी ओळीने बिऱ्हाडं बदलली आहेत. ‘बॅग’चा ॲ वर सरकून ‘बेग’कडे गेला, ‘पेन’चा ए ‘पिन’कडे, आणि इ जिभेच्या मधोमध, अ जवळ येऊन बसली. त्यामुळे ‘टेन’ आपल्याला ‘टिन’ ऐकू येतं आणि ‘चेक-इन’ जवळपास ‘चिक-अन’. रस्ता सांगताना ‘लेफ्ट’ म्हटलं की आपण लिफ्ट शोधत बसतो. अशा वेळी साखळी उलटी फिरवायची: इ ऐकू आली तर ए धरून बघायचा, ए आला तर ॲ, अ आला तर इ. त्यातून वाक्य जुळतं. ‘चेअर’ आणि ‘चिअर’, ‘बेअर’ आणि ‘बिअर’ मात्र अनेकांच्या, विशेषतः तरुणांच्या, तोंडी एकच झालेत. तिथे संदर्भाशिवाय उपाय नाही.

हे बिघडलेलं ब्रिटिश इंग्रजी नव्हे. १९४६ ते १९४८ या काळात इथल्या रेडिओची ध्वनिमुद्रणाची गाडी गावोगाव फिरली आणि वृद्धांच्या आठवणी तबकड्यांवर उतरवल्या. त्यातले काही जण १८५०च्या दशकात जन्मलेले. पुढे कँटरबरी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याच आवाजांतून हा उच्चार इथे जन्मलेल्या पहिल्या पिढ्यांत कसा घडत गेला ते दाखवलं. बोलीची एवढी कदर करणाऱ्या देशाबद्दल आदर वाटतो. दक्षिणेला इन्व्हरकार्गिल, गोरकडे स्कॉटिश वसाहतकऱ्यांचा ‘र’ अजून ऐकू येतो. बाकी देशात ‘कार’चा र गिळलेलाच.

ऑस्ट्रेलियात फोनवर स्पेलिंग सांगताना वेगळी अडचण. तिथला ‘ए’ अनेकदा ‘आय’कडे झुकतो, म्हणून आडनावातलं अक्षर चुकीचं लिहिलं जातं. ‘ए फॉर अल्फा, आय फॉर इंडिया’ असंच सांगावं आणि विचारावं.

आता आपल्याबद्दल. आपला ‘पार्क’ त्यांना ‘बार्क’ ऐकू येतो, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क सोबत हवेचा झोत असतो. त्यांचा ‘किंग’ आपल्या ‘खिंग’च्या जवळ. आपल्याला क आणि ख ही दोन वेगळी व्यंजनं आहेत, त्यांना तो फरक शिकवावा लागतो. तरीही ‘ॲक्सेंट’ फक्त आपल्यालाच असतो, हे मला मान्य नाही. कामापुरतं बदलायचं असेल तर सुरुवातीच्या क ला थोडा श्वास द्यावा. ‘व्हाइन’ला खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून हवा घासू द्यावी, ‘वाइन’ला दात न लावता ओठ गोल करावेत. आपला व या दोहोंच्या मधला आहे, म्हणून त्यांना कधी हा शब्द ऐकू येतो, कधी तो.