विमानातून रात्रीची खाडी टिपताना: माझा अनुभव

पूर्वेकडून मुंबईत उतरणारं विमान कोपरखैरणे-वाशीच्या आसपास ठाण्याची खाडी ओलांडतं. उजव्या खिडकीतून ऐरोलीचा पूल दिसतो, डावीकडून वाशीचा. मी ऐरोलीकर, त्यामुळे कामावरून रात्री परतताना सीट उजवीकडचीच घेतो. काळ्याकुट्ट पाण्यावर पुलाच्या दिव्यांची रांग, एवढाच फोटो हवा होता. मिळायचं ते दुधाळ, राखाडी काहीतरी.

खिडकीतलं प्रतिबिंब जॅकेटच्या आडोशाने घालवलं. शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४००. तेवढ्या वेळात विमान अर्ध्या मीटरहून थोडंच पुढे जातं, म्हणजे फोटो हलण्याचा प्रश्न नव्हता. तरी खाडी काळी होईना.

रॉ फाइलचा (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फोटोचा) हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचं प्रमाण दाखवणारा आलेख, बघितला तेव्हा उलगडा झाला. दिवे व्यवस्थित होते, बिघडला होता अंधार. धूळ, धूर आणि मिठाचे कण शहराचा उजेड चहूकडे उधळतात. त्यातला काही थेट लेन्समध्ये येतो आणि काळ्या पाण्यावर चढतो. शिवाय तिथे विमान जेमतेम ६०० मीटरवर आणि ऐरोलीचा पूल सहा-सात किलोमीटर दूर. म्हणजे नजर जवळपास आडवी, तीही हवेच्या सगळ्यात मळक्या थरातून. अंतर वाढेल तसा कॉन्ट्रास्ट घातांकी वेगाने घसरतो. त्याच फोटोत पंखाखालचं कोपरखैरणे मात्र लख्ख!

हिवाळ्यात तर विचारूच नका. जमीन रात्री निवते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि दिव्यादिव्याभोवती वलय येतं.

फोटो-संपादनात धुरकटपणा कमी करणाऱ्या डीहेझ स्लायडरने माझं काम बिघडवलंच. बहुतेक डीहेझ पद्धती दिवसाचा, सगळीकडे सारखा पसरलेला उजेड गृहीत धरतात. रात्री दर दिव्याचा रंग वेगळा. लाल चॅनलमधून, म्हणजे फोटोतला फक्त लाल रंगाचा भाग घेऊन, कृष्णधवल फोटो काढणं जास्त उपयोगी पडलं. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सोडियम दिव्याच्या ५८९ च्या पिवळ्यापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतात, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर. धुळीचे मोठे कण असा भेद फारसा करत नाहीत, म्हणून फरक पडला तो बेताचाच.

खरा फरक पावसाने केला. सप्टेंबरअखेरीस सर येऊन गेलेल्या रात्री कॅमेरा शक्य तितका खाली वळवला. खाडी काळी आली, काठच्या गल्ल्याही धारदार. पूल मात्र चौकटीबाहेर राहिला.