हरवलेले सहा टक्के

जुलैतला शनिवार. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि लॅबमध्ये मी आणि आमचा एक ज्युनियर, असे दोघेच. रात्रभर चालवलेल्या सिम्युलेशनच्या दहा रनचे आकडे सकाळी एकाखाली एक लावले. दहाही रनमध्ये फक्त रँडम नंबरचं सीड, म्हणजे यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, वेगळं होतं, बाकी सगळं तेच. त्यांचा आपसातला फरक एक टक्कासुद्धा भरत नव्हता. आणि अपेक्षित उत्तरापासूनचा जो फरक आठवडाभर मी 'नॉइज असेल' म्हणून सोडून देत होते तो सहा टक्क्यांचा होता, दहाही वेळा एकाच बाजूला.

आमचं काम रेडिओ-फ्रिक्वेन्सी प्लाझ्माच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेल्या वायूच्या, सिम्युलेशनचं. समोरासमोर दोन इलेक्ट्रोड, मध्ये विरळ वायू, आणि १३.५६ मेगाहर्ट्‌झचं व्होल्टेज. चिपवर नखाच्या टोकाहून हजारो पटींनी बारीक चर कोरतात ते अशाच प्लाझ्मातून. व्होल्टेजची दिशा एका सेकंदात एक कोटी पस्तीस लाखांहून जास्त वेळा फिरून पूर्वपदावर येते. हलके इलेक्ट्रॉन त्या तालावर इकडून तिकडे धावतात. जड आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, जवळजवळ जागचे हलत नाहीत, त्यांना कळतं ते फक्त सरासरी क्षेत्र. इलेक्ट्रोडलगत जो इलेक्ट्रॉनविरहित पट्टा तयार होतो, ज्याला आम्ही शीथ म्हणतो, त्यात आयनांना वेग मिळतो आणि ते पृष्ठभागावर आदळतात. किती ऊर्जेने आदळतात यावर कोरणं कसं होणार ते ठरतं.

हे गणित आम्ही पार्टिकल-इन-सेल पद्धतीने करतो. संगणकातला एक कण कोट्यवधी खऱ्या कणांच्या वतीने पळतो. दर पावलाला कणांचा विद्युतभार जाळीवर वाटायचा, त्यावरून क्षेत्र काढायचं, कण पुढे सरकवायचे, आणि मग प्रत्येक कणासाठी चिठ्ठी काढायची: याची वायूच्या अणूशी टक्कर झाली की नाही? झाली तर कोणती?

असा कोड बरोबर आहे हे पटवायचं कसं? २०१३ मध्ये माइल्स टर्नर आणि सहकाऱ्यांनी यासाठी हेलियमच्या चार चाचण्या प्रसिद्ध केल्या. स्वतंत्रपणे लिहिलेले पाच कोड तंतोतंत त्याच अटींवर चालवले आणि त्यांची उत्तरं सांख्यिकीय मर्यादेत जुळली. पहिली चाचणी सगळ्यांत सोपी: ६.७ सेंटीमीटर अंतर, ३० मिलिटॉर दाब, ४५० व्होल्ट, जाळीचे १२८ खाने, एका आवर्तनाला ४०० पावलं, एकूण १,२८० आवर्तनं. आमच्या मशीनवर पाऊण तासात होते. चौथ्या चाचणीला ४ कोटी ९१ लाखांहून जास्त पावलं लागतात, ती आठवडा खाते. पण आमची गाडी पहिलीतच अडली होती. मधोमध आयनांची घनता १.४० यायला हवी (गुणिले दहाचा चौदावा घात, दर घनमीटरला), ती १.३१ येत होती.

आलेख इतका सुरेख दिसत होता! सममित घुमट, दोन्ही कडांना अगदी नीट उतरलेला. कुणाही परीक्षकासमोर ठेवला असता तर त्याने मान डोलावली असती. मला भीती वाटली ती याचीच.

आधी जाळी बारीक केली, वेळेचं पाऊल निम्मं केलं. जाळीचा खाना डेबाय लांबीपेक्षा (प्लाझ्मात एका भाराचा प्रभाव जितक्या अंतरात झाकला जातो त्यापेक्षा) मोठा असला की इलेक्ट्रॉन खोटेच तापतात, हा या पद्धतीतला जुना रोग. उत्तर १.३१ वरच. म्हणजे आकडेमोड ठीक, भौतिकी कुठेतरी चुकतंय. सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, अख्खा डिस्चार्ज एकदम कशाला तपासतेस? इलेक्ट्रोड काढून टाक. एकसारखं क्षेत्र दे आणि कण कसे वाहतात ते बघ. आधी इलेक्ट्रॉन, मग आयन."

इलेक्ट्रॉनचा वाहण्याचा वेग छापील मोजमापांशी बसला. आयन मात्र जास्तच पळत होते. त्यांची अडवणूक कमी होत होती.

ज्युनियरला शेजारी बसवलं आणि आयनांच्या टक्करीचं फंक्शन एकेक ओळ मोठ्याने वाचायला सांगितलं. बावीस-तेवीस ओळींचं असेल. अणूचा वेग ३०० केल्विनच्या वितरणातून घेतलेला, बरोबर. सापेक्ष वेग, बरोबर. मग तो वाचत होता: "ऊर्जा बरोबर शून्य पूर्णांक पाच गुणिले एम गुणिले व्ही वर्ग." पुढच्या ओळीवर गेला आणि थांबला. "ताई, यातला एम कोणाचा?"

आयनाचा होता. पण क्रॉस सेक्शनचा, म्हणजे टक्कर होण्याची शक्यता किती ते सांगणारा, आमचा तक्ता वस्तुमानकेंद्रातल्या ऊर्जेनुसार दिलेला आहे. तिथे आयन आणि अणू यांचं लघूकृत वस्तुमान (दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज) घ्यायला हवं, आणि हेलियमचा आयन हेलियमच्याच अणूवर आदळतो तेव्हा ते निम्मं होतं. म्हणजे ०.५ च्या जागी ०.२५. आम्ही प्रत्येक टक्कर दुप्पट ऊर्जेची समजत होतो. ऊर्जा वाढली की या टक्करींचा क्रॉस सेक्शन घटतो, म्हणून आयनांना मोकळी वाट मिळत होती. ते भिंतींकडे लवकर निसटत होते आणि मधली घनता पडत होती. इलेक्ट्रॉनच्या फंक्शनमध्ये हीच ओळ निर्दोष ठरते, कारण त्याच्यापुढे अणू हजारो पट जड. तिथून ती उचलून आयनांसाठी चिकटवली होती. मीच, दोन वर्षांपूर्वी.

ओळ दुरुस्त केली. पाऊण तास आम्ही दोघं खिडकीशी उभे होतो, बोलायला काही सुचत नव्हतं. रन संपला. १.४०.

ज्युनियरने टाळी दिली. मलाही आनंद झाला, खूपच झाला, पण लगेच दुसरं आठवलं. हेच फंक्शन आर्गॉनलाही लागतं. आम्ही फक्त तक्ता बदलतो. आर्गॉनचे आयन इलेक्ट्रोडवर किती ऊर्जेने पोचतात याचे आलेख मागच्याच महिन्यात प्रयोग करणाऱ्या गटाला दिले होते, आणि त्यावरून त्यांनी दाब ठरवला होता.

संध्याकाळी त्यांच्यातल्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, जूनमधले आयनऊर्जेचे आलेख वापरू नका. आमची चूक आहे. टक्करी कमी मोजल्यात, खरी सरासरी ऊर्जा त्याहून खाली असणार."

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "म्हणूनच आमचा मोजलेला आकडा सारखा कमी येतोय? आम्ही दोन आठवडे प्रोब साफ करतोय गं."

सोमवारी सकाळपर्यंत नवे आलेख देते असं सांगितलं आणि आर्गॉनचे सगळे रन पुन्हा रांगेत लावले.