रापणकार काका आणि दोन किलोचं डंबेल

बीपीच्या माणसानं वजन उचलायचं नाही, हे आमच्या मालवणात घराघरांत ठरून गेलेलं आहे. चाला, मीठ कमी करा (सुक्या बांगड्यापुढे हा सल्ला किती टिकतो, हा वेगळा विषय), पण डंबेल म्हटलं की घरचेच डोळे वटारतात. साठी उलटलेल्या त्या रापणकार (रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरानं ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं) काकांना मुलगा फिजिओथेरपीला घेऊन आला, तोच मुळी बजावत, "वजनबिजन नको हां, म्याडम."

चिठ्ठी मात्र त्यांच्या डॉक्टरांचीच होती: गोळी चालू, बीपी आटोक्यात, ताकदीचे व्यायाम सुरू करा. पाच मिनिटं शांत बसवून मोजलं, 144/86. 180/110च्या वर असतं तर मी त्या दिवशी व्यायाम घेतलाच नसता, परत डॉक्टरांकडे धाडलं असतं.

काका म्हणाले, "मी रापण वडतंय मां, मगे ह्या कित्याक?" प्रश्न रास्त होता. पण रापणीचा दोर किती जड लागेल ते समुद्र ठरवतो. डंबेल मला अर्ध्या किलोनं वाढवता येतं.

दोन किलोचं हातात दिलं. काकांनी ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले, मानेवरची शीर टरारली आणि मग हात वर गेला. खरी गोम इथेच. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब तेवढ्यापुरता उसळी मारतो. 1985 साली कॅनडात शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून हे मोजलं होतं. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी 320/250! आमचं वजन दोनच किलोचं, पण खोड तीच.

"उचलताना श्वास सोडा" हे सांगून, करून दाखवून मी थकले. हात वर जाताच श्वास आत. शेवटी काकाच वैतागले.

"गो बाय, रापण वडताना आमी आराडतव, तसा काय?"

"तसंच!"

मग प्रत्येक उचलीला असा "होऽऽ" निघाला की शेजारी मानेला शेक घेत असलेल्या आजी दचकल्या. मुलगा लाजून बाहेर गेला. पण गाल फुगायचे थांबले, शीरही दिसेनाशी झाली. दहा-दहाचे दोन सेट झाले, मग भिंतीला पाठ टेकून अधांतरी खुर्चीत बसल्यासारखं थोडा वेळ. गुडघे कुरकुरले, काका नाही.

पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, 134/80. व्यायामानंतर काही तास बीपी असं उतरलेलं राहू शकतं. काकांनी आकडा वाचला आणि लगेच, "मगे गोळी बंद?"

मुळीच नाही. 2023च्या एका मोठ्या आढाव्यात, 270 चाचण्या एकत्र पाहिल्यावर, वजनांच्या व्यायामानं वरचा आकडा सरासरी साडेचारनं उतरलेला दिसला. भिंतीला टेकून बसण्यासारख्या स्थिर व्यायामांनी आठनं. तोही नेमानं, आठवडेच्या आठवडे केल्यावर. गोळीचं डॉक्टर ठरवतील, असं मी चिठ्ठीच्या मागे लिहून ती मुलाच्या हातात दिली. काकांच्या खिशात ती नक्की भिजली असती.