ट्यूबलाइटखालची बाटली

लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला मी सोळाशे रुपयांची फ्रेंच रेड वाईन आणली आणि आम्ही दोघांनी ती जेमतेम दोन-दोन घोट पिऊन बेसिनमध्ये ओतली. पुण्यातला मे महिना. दुकानात ती बाटली सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला डोकं टेकवून उभी होती. बूच थोडं वर आलेलं. मला वाटलं, उंची वाईनचं तसंच असत असेल. घरी उघडली तर उकळलेल्या मनुकांचा वास, आणि चव चिंचेच्या कोळात गंजका खिळा बुडवल्यासारखी. बायको म्हणाली, "आपल्याला वाईन कळत नाही, एवढंच." मीही तेच धरून चाललो होतो.

मुळात आपल्याकडे 'वाईन शॉप' हे नावच फसवं. तिथं खप व्हिस्कीचा, रमचा आणि बिअरचा. बिअरला फ्रिज मिळतो, वाईनला ट्यूबलाइट.

फेब्रुवारीत दिंडोरीला मामेभावाकडे गेलो तेव्हा हा किस्सा त्याला सांगितला. आप्पाची बाग खायच्या द्राक्षांची, पण दोन एकरांवर शेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाईनची जात आहे, एका वायनरीशी करार करून लावलेली. तो हसला आणि एक घड तोडून माझ्या हातात दिला. "खाऊन बघ." मणी बारीक, साल जाड, दाताखाली बी कचकचलं, पण गोडी अशी की बोटं चिकट झाली. मग आप्पानं खिशातून रसातली साखर मोजायचं नळीसारखं रिफ्रॅक्टोमीटर काढलं, काचेवर रसाचा एक थेंब पिळला आणि उजेडाकडे धरायला सांगितलं. निळ्या-पांढऱ्या रेघेवर आकडा होता २२.

"हा माल मार्केटला नेला तर कुत्रं विचारणार नाही," आप्पा म्हणाला. "पण वायनरीचे नखरे बघ. पहाटे चारला बॅटरी लावून तोडणी. नऊच्या आत क्रेट पोचले पाहिजेत. उन्हानं तापलेला माल नको असतो त्यांना. तिथं पुढं थंड टाकीत पंधरा-सोळा अंशावर आंबवतात."

आणि मग ती बाटली आपल्या गावात येऊन मे महिन्यात ट्यूबलाइटखाली उभी राहते! आपण वाईनला नावं ठेवतो, पण ती बिचारी तिथंच मेलेली असते. उष्णतेनं आतली वाईन फुगते, बूच वर ढकलते, मग हवा शिरते. माझं 'उंची' बूच म्हणजे पंचनामाच होता.

पैशांचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. परदेशी वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं, वर वाहतूक, आयातदार, राज्याचे कर. म्हणजे मी सोळाशे मोजले ती तिकडची किराणा दुकानातली साधी बाटली. उलट महाराष्ट्रानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि इथल्या द्राक्षांच्या वाईनला शुल्कात मोठी सवलत दिली. हजाराच्या आत बरं काही प्यायचं तर नाशिककडं किंवा अकलूजकडं बघायचं, हे साधं गणित मला पंचेचाळिशीत कळलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा आम्हाला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये घेऊन गेला. ओळीनं पाच ग्लास, प्रत्येकात दोन घोट. शेजारी एक भांडं. ते थुंकायला आहे कळल्यावर बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी सगळंच गिळलं. सोव्हिन्यों ब्लांक या दुसऱ्या पांढऱ्या वाईनला चक्क हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला, शेनिनला पिकल्या पेरूचा. शिराज या रेडला काळ्या मिरीचा वास येतो असं तिथला मुलगा म्हणाला, मला काही तो आला नाही. पण पाचही ग्लासांत गंजका खिळा कुठंच नव्हता. बायको शेनिनचा ग्लास परत उचलत म्हणाली, "म्हणजे आपल्याला कळतं की!"

पुण्यात आल्यावर खरी परीक्षा. दुसऱ्या एका दुकानात गेलो, शेनिन मागितली आणि बाटली उलटी करून मागच्या लेबलवरचा बारीक महिना-वर्ष वाचायला लागलो. तीन वर्षांपूर्वीची. रंग फिकट पिवळा असायला हवा, तो चहाकडं झुकलेला.

"नवीन नाही का?"

"साहेब, वाईन जुनी झाली की चांगली होते ना?"

हा गैरसमज सगळ्या महाराष्ट्राचा आहे, शेठचा एकट्याचा नाही. मुरत ठेवण्यासारख्या वाईन थोड्या, आणि त्याही थंड अंधारात आडव्या ठेवाव्या लागतात. आपल्या बजेटातली पांढरी वाईन वर्ष-दीड वर्षात संपवायची गोष्ट आहे, लोणच्याची बरणी नव्हे. शेठ कुरकुरत आत गेला आणि गोडाऊनमधून न फोडलेली पेटी घेऊन आला. चार महिन्यांपूर्वी भरलेली. फिरकीचं झाकण. हे झाकण म्हणजे स्वस्तातला माल असं मी समजायचो. आता तेच शोधतो, कारण ताजी प्यायची वाईन त्यात चांगली टिकते आणि बूच उघडायचा स्क्रू शोधत घर पालथं घालावं लागत नाही.

घरातल्या चुका वेगळ्याच होत्या. रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं सगळीकडं लिहिलेलं असतं, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आमचा हॉल एप्रिलमध्ये चौतीस. त्या तापमानाला रेड नुसती दारूसारखी घशाला लागते. हल्ली मी रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतो. पांढरी मात्र पूर्ण गार करून, पण फ्रीझरमधल्यासारखी बर्फगार नको, सगळा वास झोपतो.

जेवणाचंही तसंच. एका रविवारी झणझणीत मटणाच्या रश्श्याबरोबर रेड उघडली आणि दोघांच्या तोंडाला आग लागली. रेडमधला तुरटपणा तिखटाला आणखी चढवतो. तिखट जेवणाबरोबर किंचित गोडसर शेनिन किंवा रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, बरी. कोथिंबीरवडी आणि तळलेलं पापलेट यांच्याबरोबर शेनिन तर मला बिअरपेक्षाही आवडते. रेडची पाळी सौम्य मसाल्याच्या सुक्या मटणाला.

बाटलीत ७५० मिली म्हणजे पाच ग्लास, आम्ही माणसं दोन, एकेका ग्लासाची. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर रेडसुद्धा तीन दिवस बरी राहते. चौथ्या दिवशीची मी एकदा भेंडीच्या भाजीत घालून बघितली. ते घरात कुणालाही सांगितलेलं नाही.

परवा शेठनं मला लांबूनच हाक मारली. "साहेब, नवीन पेटी आलीय, तुमच्यासाठी दोन बाटल्या खाली बिअरच्या फ्रिजमध्ये टाकल्यात." वर मान केली तर ट्यूबलाइटखाली ती तीन वर्षांपूर्वीची शेनिन अजून उभीच होती, आणि पुढं पाटी लावलेली: 'जुना स्टॉक, खास'.