एका डॉलरपासून बोली

न्यूझीलंडमध्ये घर बदलायची वेळ आली की जुन्या सामानाचे फोटो ‘ट्रेड मी’वर चढतात. सॅम मॉर्गनने १९९९ मध्ये सुरू केलेली ही लिलावाची साइट इतकी घराघरांत पोचली, की २००६ मध्ये फेअरफॅक्स या ऑस्ट्रेलियन माध्यमकंपनीने ती तब्बल ७० कोटी न्यूझीलंड डॉलरला घेतली. आपल्याकडे पूर्वी बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट वापरलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

ओएलएक्सच्या सवयीने आपण आधी चढा भाव सांगतो, मग घासाघीस करत खाली येतो. ट्रेड मीवर उलटं. ‘एक डॉलर रिझर्व्ह’ म्हणजे बोली एका डॉलरपासून सुरू आणि शेवटी जी सर्वांत मोठी येईल तिला वस्तू द्यायची. ऐकूनच पोटात गोळा येतो. पण वॉशिंग मशीन, मुलांची सायकल, चांगल्या कंपनीचं ड्रिल अशा हमखास खपणाऱ्या वस्तूंना याच वाटेने उत्तम भाव येतो, असं माझं ठाम मत झालंय. स्वस्त दिसलं की बघे जमतात, त्यांतले काही बोली लावतात आणि मग दोघं हटून बसले की भाव चढतो. जिला गिऱ्हाईक एखादंच मिळेल, उदाहरणार्थ सतार किंवा अवजड शिसवी कपाट, ती वस्तू मात्र एका डॉलरवर मुळीच सोडू नका. चढाओढीला दुसरा कोणी नसतोच. तिथे रिझर्व्ह किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही अशी किमान रक्कम, हवीच.

ईबेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी बोली टाकणाऱ्याचं फावतं. ट्रेड मीवर शेवटच्या २ मिनिटांत बोली आली की आणखी २ मिनिटं मिळतात. विकणाऱ्याला हे वरदानच. फक्त चढाओढ करणारे ते दोघं तेव्हा फोन घेऊन बसलेले हवेत, म्हणून लिलाव रविवारी रात्री जेवणं आटोपल्यावर संपेल असा लावावा. ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या, सामन्याची वेळ नको.

शीर्षकात कंपनी, मॉडेल नंबर, माप लिहा. ‘सुंदर सोफा’ असं कोणी शोधत नाही. फोटो दिवसाउजेडी काढा आणि ओरखडा असेल तर तो जवळून दाखवा. लोकांनी विचारलेले प्रश्न आणि आपली उत्तरं सगळ्यांना दिसतात, तेव्हा एकाला दिलेलं नीट उत्तर पाचजणांची शंका फेडतं. ‘आत्ताच इतके देतो, लिलाव बंद करा’ असं कोणी विचारलं, तर नम्रपणे नाही म्हणा. घाई त्याला आहे, म्हणजे तो रविवारीही येणार.