आमची वाटचाल : परळचं गादी-उशीचं दुकान

भांडवल वडिलांचं आणि कापूस पिंजायची धनुकली चाचांची, अशी आमच्या दुकानाची सुरुवात झाली. चाचा जातीचे पिंजारी. भागीदारी निम्मी-निम्मी होती, पण कागद कधी झाला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. धनुकलीची तात चाचांशिवाय कुणी ताणायची नाही. तातेच्या आवाजावरून कापसात ओल किती आहे ते चाचा सांगायचे. पिंजायचं मशीन आलं तरी सावरीला, म्हणजे सावरीच्या झाडाच्या रेशमी कापसाला, त्यांनी मशीन लावू दिलं नाही. तिची बोंडं चैत्र-वैशाखात फुटतात. सरकी तंतूला चिकटलेली नसते, काठीने हलकं झोडपलं की गळते. मशीनमध्ये तंतू तुटून नुसता भुगा होतो.

1982 च्या गिरणी संपात गिरणगावातलं गिऱ्हाईक तुटलं, तेही निभावलं. पुढे धंदा चांगला चालला. मग आला 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या हिंदमाता भागात पाणी दर पावसाळ्यात भरतं, म्हणून माल आम्ही फळ्यांवर ठेवायचो. त्या दिवशी पाणी फळ्यांच्याही वर गेलं. गणपती आणि दिवाळीसाठी भरून ठेवलेला सगळा कापूस भिजला. भिजलेली गाठ वरून वाळते, आत मात्र आंबते. वडील म्हणाले, निम्मा तरी वाळवून बघू. चाचांनी मूठभर कापूस हुंगला आणि म्हणाले, "पिंजला तर नवा दिसेल. पण यावर कुणाचं तरी पोर झोपणार आहे." सगळा माल पालिकेच्या गाडीत टाकला. डोक्यावर कर्ज उरलं.

आमच्याच गल्लीतल्या एका व्यापाऱ्याने मात्र लोकांची भिजलेली पोती कवडीमोलाने उचलली, गच्चीवर वाळवली, फोमचे तुकडे मिसळले आणि 'शुद्ध सावरी' म्हणून निम्म्या भावात विकली. गिऱ्हाईक तिकडे वळलं. "तुम्ही महाग" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि ते अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसांत केईएम रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आमच्याकडेच येत राहिल्या. भाचीच्या लग्नाच्या गाद्या-उशांचे सगळे पैसे त्यांनी आगाऊ दिले. त्यावर पुन्हा कापूस भरला, दुकान उभं राहिलं. एकदा शेजारणीची त्या व्यापाऱ्याकडची उशी घेऊन आल्या. मी खोळीची शिवण उसवली. आत पिवळट गुठळ्या, कपड्याच्या चिंध्या आणि कुबट वास. सिस्टरांनी वाटीभर पाणी मागवलं. आमची चिमूटभर सावरी त्यावर तरंगत राहिली, कारण तिचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो. एके काळी लाइफ जॅकेट तिचीच भरायचे. त्या उशीतला कापूस पाणी पिऊन तळाशी बसला. सावरीची उशी घेताना ही परीक्षा तुम्हीही करा. दुकानदार नाही म्हणाला तर उठून या.

आणखी एक सांगतो. उशी मऊ आहे का, हे सगळे विचारतात, उंची कुणी विचारत नाही. कुशीवर झोपणाऱ्याची मान आणि खांद्याचं टोक यांमधली पोकळी उशीने भरली पाहिजे. नाक छातीच्या मध्यरेषेत आलं की उंची बरोबर. उताणं झोपणाऱ्याला त्याहून कमी उंची पुरते, पालथं झोपणाऱ्याला अगदी पातळ. गादी मऊ असेल तर खांदा आत रुततो, मग उशी आणखी पातळ लागते. म्हणून गादी कसली आहे हे विचारल्याशिवाय आम्ही भरणी तोलत नाही. तान्ह्या बाळासाठी मोहरीची उशी मागायला आजीबाई अजून येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला उशीच देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून ती आम्ही शिवत नाही.

सावरीची उशी धुवायची नाही, उन्हात टाकायची. पावसाळ्याआधी एकदा आणि नवरात्रात एकदा. बसलेली भरणी आमच्याकडे आणा, खोळ उसवून, मोकळी करून परत भरून देतो. त्या व्यापाऱ्याकडच्या उशाही लोक घेऊन येतात. त्यांतला कापूस आम्ही आमच्या काट्यावर चढवत नाही. तो परत देतो आणि नव्या गादीपाटाच्या खोळीत नवी सावरी भरतो.