पहिला थेंब

जुलैतली दुपार, दादरच्या आमच्या पाळणाघरात मुलं घरी सोडायची वेळ. साडेतीन वर्षांच्या एका मुलाला मी सांगितलं, "बाहेर पाऊस आहे. आधी रेनकोट घाल, मग फाटकाशी जा." काय करायचं ते विचारलं, तर शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. आणि तसाच पळाला! अंगावर दोन थेंब पडले तेव्हा थबकला, "रेनकोट!" ओरडत मागे आला.

"ताई, मुद्दाम करतो हा. ऐकतच नाही," मदतनीस मावशी वैतागल्या.

ऐकलंच नसतं, तर थेंब पडल्यावर आठवलं कुठून? सूचना डोक्यात होती, ती वर काढायला थेंब लागला. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याबद्दलच आहे. साडेतीन आणि आठ वर्षांच्या मुलांना कॉम्प्युटरवर खेळ देऊन त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. डोक्याला ताण पडला की बाहुली मोठी होते. आठ वर्षांची मुलं पुढचं ओळखून आधीच तयारी करत होती. धाकट्यांची धावपळ प्रसंग समोर आल्यावर, तेव्हा मागचं आठवून.

म्हणून दुसऱ्या दिवशी खुंट्या आतल्या भिंतीवरून काढून दाराच्या चौकटीलगत ठोकून घेतल्या, जमिनीपासून अडीच फुटांवर. सूचनाही उंबऱ्यात. मुलाचा हात पागोळीखाली धरायचा आणि विचारायचं, "पाणी लागलं की काय घालायचं?" उत्तर येईपर्यंत मनात दहा आकडे मोजायचे. हे आम्हा मोठ्यांनाच जड जातं. मध्येच आपण तेच वेगळ्या शब्दांत सांगतो आणि मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

"रेनकोट घाल, बूट घाल, डबा घे" असं एका दमात सांगितलं की बहुतेकदा एखादंच काम होतं. एक झालं की दुसरं सांगावं. "पळू नको" पेक्षा "हळू चाल" बरं. थांबायचं कसं हे शोधण्यापेक्षा चालणं सोपं.

कधी कधी अडतं ते रेनकोटातच. समोरून उघडणारा असेल तर तो उघडून जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर, टोपी मुलाच्या पायांशी. मुलाने वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि डोक्यावरून मागे उलटायचा. पाठीवर दप्तरासाठीचा फुगा असतो, तो आधी आत दाबून घ्यावा, नाहीतर कोट डोक्यातच अडकतो. पहिलं टिचबटण आपण लावायचं, बाकीची त्याने.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी उघडीप होती. त्याने सवयीने पागोळीखाली हात धरला, थेंब नाही, म्हणून रेनकोट खुंटीवरच ठेवून आजीचं बोट धरून निघाला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत सर कोसळली. चिंब भिजून दोघं परत आली, आणि याने सरळ खुंटीकडे हात केला.